हीट पंप बसवताय? आधी पाण्याची बाजू बघा

बाहेरच्या हवेतली उष्णता पाण्यात आणायची, आणि उन्हाळ्यात घरातली उष्णता पाण्यावाटे बाहेर फेकायची, एवढंच एअर-टू-वॉटर हीट पंपाचं काम. यंत्रणा फ्रिजचीच, फक्त एक फोर-वे व्हॉल्व्ह दिशा फिरवतो. यंत्र कोणत्या कंपनीचं घ्यायचं यावर घरात महिनाभर खल होतो, आणि पाइप, गाळणी, पाणी हे सगळं प्लंबरवर सोडून दिलं जातं. मराठवाड्यात यंत्र मार खातं ते नेमकं तिथे.

युरोपात हे यंत्र मुख्यतः घर गरम करायला लावतात. आपल्याकडे परभणीची थंडी बोचरी असली तरी ती पहाटेची. दुपारी अंगावर स्वेटर राहत नाही. त्यासाठी रेडिएटरवर पैसे घालू नका. गार हवेसाठी खोलीत लावलेल्या फॅन कॉइलमधूनच (पाण्याच्या नळ्यांवरून पंख्याने हवा फिरवणारी पेटी) ४० अंशांचं पाणी फिरवलं की थंडीच्या त्या थोड्या सकाळी निभावतात. खरा फायदा आंघोळीच्या पाण्यात आहे. २०० लिटर पाणी २२ वरून ५२ अंशांवर न्यायला गिझर ७ युनिट वीज घेतो. हीट पंप तेच काम साधारण दोन-अडीच युनिटांत करतो. मात्र तो बंबासारखा पहाटे पाचला पेटवायचा नाही. जानेवारीत पहाटे हवा १० अंशांवर असते, दुपारी २८ वर. हवा जितकी उबदार तितकं यंत्राला काम कमी, म्हणून टायमर अकरा ते तीन असा लावा. टाकीवर ५० मिलिमीटर पफ (उष्णता धरून ठेवणारा फोम) असेल तर सकाळी पाणी कढतच मिळतं. छतावर सोलर पॅनल असतील तर त्याच वेळेत आपली वीजही तयार होत असते.

आता बोअरचं पाणी. आपल्याकडच्या काळ्या खडकातलं पाणी बहुतेक ठिकाणी जड. ज्या पाण्याने बादलीला पांढरा थर बसतो, ते थेट यंत्राच्या प्लेटमधून, म्हणजे गॅस आणि पाणी जिथे उष्णतेची देवघेव करतात त्या भागातून, कधीही फिरवू नका. प्लेटांमधली फट दोन-तीन मिलिमीटरची असते, तिथे क्षार धरला की प्रवाह आटतो. यंत्राचं पाणी बंद चक्रात ठेवायचं आणि आंघोळीचं पाणी टाकीतल्या कॉइलने तापवायचं. मग क्षार बसला तरी कॉइलवर बसतो, यंत्र वाचतं. पाणी ५५च्या वर नेलं की क्षार झपाट्याने बसतो, म्हणून रोज ५० ते ५२ पुरे. आठवड्यातून एकदा मात्र टाकीतल्या हीटरने ६० अंशांवर न्या, जंतू राहू नयेत म्हणून. टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड दरवर्षी काढून बघा. तो संपला की गंज टाकीलाच लागतो. बंद चक्रात पाणी एकदाच भरायचं असतं, तेव्हा आरओचं वापरा आणि त्यात गंजरोधक घाला. दाब दीड बारवर ठेवा. महिन्या-महिन्याला दाब उतरून पाणी टाकावं लागत असेल, तर गळती शोधा. नुसतं पाणी भरत राहिलात तर दर वेळी नवी हवा आणि नवा क्षार आत जातो.

सगळ्यात महागात पडणारी चूक प्रवाहाची आहे. ७ किलोवॅटच्या, म्हणजे दोन टनांच्या यंत्राला मिनिटाला २० लिटर पाणी लागतं. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या पाण्यात ५ अंशांचा फरक धरून हा हिशोब आहे. त्यासाठी ३२ मिलिमीटरचा पीपीआर (प्लास्टिकचा पाइप) टाका. २० चा टाकून पैसे वाचवले की पंप नुसता घरघरत राहतो. पाइपावरची वाय-गाळणी (Y आकाराची गाळणी) वेल्डिंगच्या कचऱ्याने, टेफ्लॉनच्या चिंध्यांनी पहिल्या आठवड्यातच भरते. गार पाण्याच्या वेळी प्लेटमधला गॅस आधीच दोन-तीन अंशांवर असतो. पाण्याचा प्रवाह अर्ध्यावर आला की गॅस शून्याखाली उतरतो, प्लेटमधलं पाणी गोठतं आणि प्लेट फाटते. मे महिन्यात, बाहेर ४२ अंश असताना, बर्फाने यंत्र फुटतं. पाणी गॅसच्या लाइनमध्ये शिरून कंप्रेसरपर्यंत गेलं की दुरुस्ती उरत नाही. हे टाळायलाच फ्लो स्विच असतो, प्रवाह कमी झाला की तो यंत्र बंद करतो. यंत्र सारखं एरर दाखवतं म्हणून मेकॅनिक तो ‘डायरेक्ट’ करून देतो, म्हणजे वगळून तारा थेट जोडतो. त्याला हात लावू देऊ नका, आधी गाळणी उघडायला सांगा. आणि गाळणीच्या दोन्ही बाजूंना कॉक हवेतच. ते नसले तर गाळणी धुवायला सगळं पाणी सोडावं लागतं, मग ती कुणी धूत नाही.

एकच खोली चालू असेल तर यंत्र दर दोन-तीन मिनिटांनी चालू-बंद होतं. त्यावर उपाय ७० लिटरची बफर टाकी, किलोवॅटमागे दहा लिटर.

फरशीखालून गार पाणी फिरवण्याची कल्पना अनेकांना मोहात पाडते. मे महिन्यात ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना दव १४ अंशांच्या आसपास धरतं, म्हणजे २० अंशांची फरशी कोरडी राहते. जुलैत २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असली की दव २४ अंशांवरच धरतं आणि तीच फरशी घसरडी होते. म्हणून फॅन कॉइलच बरी. तिच्या ड्रेनला मीटरमागे एक सेंटिमीटर उतार द्या. पाइपावरच्या काळ्या नायट्रिल फोमची जाडी किमान १९ मिलिमीटर घ्या. पावसाळ्यात १३ च्या फोमवरही थेंब धरतात, भिंत ओली होते आणि रंगाचे पोपडे निघतात.

कूलर स्वस्त आहे, कबूल. पण एक टन थंडाव्यासाठी तो तासाला पाच लिटर पाणी उडवतो. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं. तशा उन्हाळ्यात दिवसाला ५० लिटर हा छोटा आकडा नाही. बंद चक्रातलं पाणी असं उडत नाही. तरीही फक्त एक-दोन खोल्याच गार करायच्या असतील, गरम पाण्याची गरज कमी असेल, तर साधा इन्व्हर्टर एसी घ्या. हीट पंप परवडतो तो मोठ्या कुटुंबाला, वसतिगृहाला, दवाखान्याला. वर स्लॅब तापत असेल तर आधी गच्चीला पांढरा लेप द्या. जाड मातीच्या माळवदाखाली जितक्या टनांत भागतं, तितक्यात उघड्या स्लॅबखाली भागत नाही.

बाहेरचं युनिट उत्तरेला, सावलीत ठेवा. मागे एक फूट, पुढे तीन फूट मोकळं हवं. तूर-सोयाबीनची मळणी झाली की फिन्स (युनिटच्या जाळीतल्या पातळ पट्ट्या) भुशाने भरतात, त्या आतून बाहेर साध्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशरने फिन्स वाकतात. केबल जिथून आत शिरते ते भोक बुजवा. पाल कार्डावर चढली की शॉर्ट होतो. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडून अर्थिंग कमकुवत होतं, खड्ड्यात पाणी ओतत राहा.

मिस्त्री जायच्या आधी यंत्र अर्धा तास पूर्ण लोडवर चालवा आणि दोन्ही पाइपांवर थर्मामीटर लावा. फरक ५ अंशांच्या जवळ असेल तर पैसे द्या. ८-१० अंश दिसला तर पाणी कमी फिरतंय, गाळणी उघडा, हवा काढा, पंपाचा वेग तपासा. दोन अंशही दिसत नसेल तर गॅस कमी आहे किंवा फोर-वे व्हॉल्व्ह अर्धवट अडकलाय.