वन्स मोअर आणि आपोआप सरकणाऱ्या स्लाईड्स

आमच्या सदाशिव पेठेतल्या मंडळाचं स्नेहसंमेलन जानेवारीत, शाळेच्या हॉलमध्ये असतं. लेझीम, नाटुकली, काकूंचं कवितावाचन, नानांचा पोवाडा आणि मागच्या पडद्यावर चित्रं. पूर्वी त्यासाठी स्लाईड प्रोजेक्टर असायचा. स्लाईड बदलताना 'खटक्' व्हायचं आणि पुढच्या सतरंजीवरची पोरं तोंडाने तसाच आवाज काढायची. पुढे लॅपटॉप आला, पॉवरपॉइंट आलं आणि उत्साही मंडळींनी ठरवलं, आता बटणावर माणूस कशाला?

त्या वर्षी तालमीत 'रिहर्स टायमिंग्ज' लावून पोवाड्याच्या सगळ्या वेळा नोंदवल्या गेल्या. नाना ज्या कडव्यावर जेवढे थांबले, तेवढा वेळ ती स्लाईड. एकदम चोख! फक्त तालमीला प्रेक्षक नव्हते. कार्यक्रमात आग्ऱ्याच्या कडव्याला वन्स मोअर आला. नानांनी मिशीवरून हात फिरवून कडवं पुन्हा घेतलं, ढोलकीवाल्यानेही हात साफ करून घेतला. पडदा मात्र आपल्या वेळेने पुढे. नानांचे महाराज १६६६ साली पेटाऱ्यातच, आणि मागे १६७४ चा राज्याभिषेक! हॉलमध्ये हशा. नानांनी मागे वळून पाहिलं आणि डफ खाली न ठेवता म्हणाले, "थांबा हो, अजून पहाऱ्यातून सुटायचंय." वन्स मोअरपेक्षा जास्त टाळ्या त्याला पडल्या.

तेव्हापासून रेकॉर्डवरच्या नाचाला वेळा लावतात, कारण गाणं दर वेळी तेवढंच असतं. जिथे गळा आणि ढोलकी, तिथे माणूस. 'ट्रान्झिशन्स'मध्ये 'ऑन माऊस क्लिक'ची खूण ठेवायची, 'आफ्टर'ची, म्हणजे ठरलेल्या सेकंदांनी आपोआप सरकण्याची, काढायची. दोन्ही ठेवल्या तर जे आधी होईल त्यावर स्लाईड सरकते. जुन्या वेळा फाईलमध्ये राहिल्याच असतील तर 'स्लाईड शो'मधली 'यूज टायमिंग्ज'ची खूण काढली की सगळ्या एकदम गप्प.

'ड्युरेशन'वरून अजूनही दर वर्षी कोणीतरी गोंधळतं. चित्र किती वेळ राहणार ते हे नव्हे. एक चित्र जाऊन दुसरं यायला किती वेळ लागणार, ते. काकूंच्या कवितेला दोन सेकंदांचा 'फेड' शोभतो, पण ओळ संपल्यावर बटण दाबलं तर उशीर झालाच म्हणून समजा. शेवटचा शब्द येण्याआधी काकू चष्मा वर सरकवतात. बटणावर बसलेला भाचा पडद्याकडे बघतच नाही, चष्म्याकडे बघतो. पोवाड्याला 'फेड' अजिबात नको; लढाईत कसलं आलंय विरघळणं!

भाच्याच्या संहितेवर प्रत्येक कडव्याशेजारी पेन्सिलीने स्लाईडचा आकडा असतो. वन्स मोअर आला की आकडा टाकून एंटर, चित्र हजर. निवेदिका मध्येच सत्काराला वळली की 'बी' दाबून पडदा काळा. पुन्हा 'बी' दाबलं की चित्र परत.

घड्याळाला मोकळं रान फक्त सुरुवातीला. लोक येऊन बसेपर्यंत जुन्या संमेलनांचे फोटो वेगळ्या फाईलमधून, एस्केप दाबेपर्यंत गोल गोल फिरत राहतात, प्रत्येकी पाच सेकंद. गेल्या वर्षी मध्यंतरात बटाटेवड्यांच्या टेबलावर एक कागद चिकटवलेला दिसला: 'फोटो सावकाश फिरवावेत. ग्रुप फोटोत आम्ही मागच्या रांगेत आहोत.' यंदा ग्रुप फोटोंना दहा सेकंद दिलेत. एकट्यादुकट्यांना पाचच.