मिस्त्री, थर्मोस्टॅट काढून टाकू काय?

जून-जुलैची मासेमारी बंदी संपून बोटी बाहेर पडल्या की आठवडाभरात हा प्रश्न येतोच. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराचा तांडेल (बोटीचा प्रमुख) असो की हर्णैचा, बोलणं तेच: "इंजिन गरम होतंय. सगळे म्हणतात थर्मोस्टॅट काढून टाक. काढू काय?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून या वेळी नीट लिहून सांगतो.

काढू नका. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचा अडथळा, तो काढला की पाणी मोकळं वाहील, असा समज आहे. खरं तर तो तापमानाप्रमाणे आपोआप उघडझाप करणारा व्हॉल्व्ह आहे. इंजिन थंड असतं तेव्हा तो बंद असतो आणि आतलं गोडं पाणी बायपासमधून, म्हणजे कूलर टाळणाऱ्या आडवाटेनं, इंजिनातच फिरत राहतं. साधारण ७५-८० अंशांना तो उघडायला लागतो आणि पाणी हीट एक्सचेंजरकडे, म्हणजे आपण ज्याला कूलर म्हणतो तिकडे, सोडतो. तिथे समुद्राचं पाणी वेगळ्या वाटेनं येऊन त्याची उष्णता घेतं आणि बाहेर पडतं. बऱ्याच इंजिनांत तो पूर्ण उघडला की त्याचीच खालची चकती बायपास बंद करते. तुम्ही तो काढता तेव्हा बायपास कायमचा उघडा राहतो. थोडं पाणी कूलरकडे जातच नाही, गरमचं गरम परत इंजिनात येतं. मग जाळं ओढताना लोड आला की तापमानाचा काटा आधीपेक्षाही वर चढतो. आणि ज्या इंजिनांत असं होत नाही, ती गरजेपेक्षा थंड चालतात. डिझेल पुरतं जळत नाही, न जळलेलं पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं, लायनर (सिलिंडरची आतली नळी) झिजतात. ते नुकसान पुढच्या हंगामात दिसतं, तेव्हा थर्मोस्टॅट कुणाला आठवत नाही.

"पण आमच्या शेजाऱ्यानं काढला आणि बरं झालं," असंही मला सांगतात. त्याचा थर्मोस्टॅट खरोखर अडकलेला असणार. तर मग नवा घालायचा. संशय असेल तर टोपात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोरीनं असा टांगा की तळाला टेकणार नाही, बाजूला थर्मामीटर धरा आणि तापवा. अंगावर कोरलेल्या अंकाच्या आसपास तो उघडायला लागला आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत पुरता उघडला, तर तो निर्दोष आहे.

मी आधी विचारतो ते वेगळंच: बोटीबाहेर समुद्राचं पाणी किती पडतंय? बंदीनंतरच्या बहुतेक तक्रारी समुद्राच्या पाण्याच्या बाजूला असतात. दोन महिने बोट उभी राहिली की समुद्राचं पाणी खेचणाऱ्या रॉ वॉटर पंपातल्या रबरी इंपेलरची, म्हणजे फिरत्या चाकाची, पाती एकाच जागी वाकून राहतात, रबर कडक होतं आणि चालू केल्यावर पाती तुटतात. पाणी न येता पंप कोरडा फिरला तर मिनिटभरातही इंपेलर जातो. तो बदलताना जुन्याची पाती मोजा. कमी भरली तर तुटलेले तुकडे पाण्याबरोबर पुढे जाऊन कूलरच्या नळ्यांच्या तोंडाशी बसलेले असतात. तिथलं झाकण उघडून ते काढल्याशिवाय नवा इंपेलर घालून काही उपयोग नाही.

सगळ्यात जास्त दमवणारा दोष मात्र डोळ्यांना दिसतच नाही. मिरकरवाड्यातल्या एका ट्रॉलरवर इंपेलर नवा, बेल्ट नवा, कूलर साफ, आणि तरी जोरात चालवलं की काटा वर. पाणी पडत होतं, पण तुटक. दोष निघाला स्ट्रेनरच्या, म्हणजे समुद्राचं पाणी गाळणाऱ्या जाळीच्या डब्याच्या, झाकणाखालच्या रबरी रिंगेत. पंप पाणी खेचतो त्या बाजूला गळती असली आणि ती जागा पाण्याच्या पातळीच्या वर असली, तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. खाली ओल नाही, थेंब नाही, त्यामुळे कुणाचं लक्षच जात नाही. पंप पाण्याबरोबर हवा ओढत राहतो आणि आरपीएम वाढवला की कमी पडतो. याची परीक्षा सोपी आहे. झाकणाच्या कडेला आणि पाइपाच्या क्लॅम्पांवर जाडसर ग्रीस थापा. धार सुधारली की जागा सापडली. ही रिंग अगदी किरकोळ किमतीची असते, आणि तिच्यापायी माणसं इंजिन उतरवायला निघालेली मी पाहिली आहेत. म्हणून एवढं सांगतोय.

स्ट्रेनर उघडलाच आहे तर आतली जाळीही बघा. ओहोटीला गाळातून बोट काढली असेल तर चिखल भरतो. प्लॅस्टिकची पिशवी तर बोटीच्या तळाला पाणी आत घेणाऱ्या तोंडालाच चिकटते. इंजिन बंद केलं की सुटते, चालू केलं की पुन्हा बसते.

पाणी भरपूर पडतंय आणि तरी गरम होतंय, तेव्हा कूलरचा विचार करायचा. लांबून तापमान दाखवणारा थर्मामीटर आता सहज मिळतो. समुद्राचं पाणी कूलरमध्ये शिरताना आणि बाहेर पडताना किती अंश आहे ते बघा. फरक फार मोठा असेल तर पाणी कमी येतंय. इंजिन तापलेलं असूनही फरक नगण्य असेल तर नळ्यांवर क्षार बसलेत, उष्णता पाण्यात उतरतच नाही. ज्यांच्या बोटीला तळाबाहेरून पाइप फिरवून थंड करायची सोय आहे, त्यांनी त्या पाइपांवरचे शिंपले खरवडून काढावेत आणि रंगाचे थरावर थर मात्र देऊ नयेत.

फक्त पूर्ण जोरातच गरम होत असेल आणि काळा धूर येत असेल, तर दोष पाण्यात नसेलही. बोटीच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) दोरी अडकली आहे का, तळ शेवाळानं जड झालाय का, ते बघा. पंखा नुकताच बदलून मोठा घातला असेल तर मला आधी ते सांगा.

आणि भर समुद्रात काटा चढला तर? आधी बाहेर बघा. पाणी पडत असेल तर जोर कमी करा आणि थोडा वेळ न्यूट्रलला हळू चालू द्या. एकदम बंद केलं तर साठलेली उष्णता हेडमध्येच कोंडते. पाणी पडतच नसेल तर मात्र लगेच बंद करा आणि नांगर टाका. गरम इंजिनाचं प्रेशरचं झाकण कोणीही उघडू नये, खलाशाला तर मुळीच सांगू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असू शकतं. झाकण सैल होताच ते उकळून तोंडावर येतं. ब्लॉकवर समुद्राचं थंड पाणी ओतू नका, लोखंडाला तडा जातो. तास-दीड तास जाऊ द्या. मग ऑइलची काडी काढून बघा. ऑइल दुधासारखं दिसलं तर पाणी आत शिरलंय. पुन्हा स्टार्टर मारू नका, दुसऱ्या बोटीला बोलवा आणि ओढून आणा.