पीसीओएस, २१ गोळ्या आणि माझं बारावीचं वर्ष

बारावीत होते तेव्हा पाळी चार चार महिने गायब, हनुवटीवर जाड केस, शेवटी आईने डॉक्टरांकडे नेलं. लिटरभर पाणी पिऊन सोनोग्राफी केली (पहिल्या पाळीपासून ८ वर्षं होईपर्यंत निदानासाठी ती लागतच नाही, हे नंतर कळलं), पाच मिनिटांत पीसीओएस (हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होते तो त्रास) सांगितलं आणि गोळ्यांचं पाकीट लिहून दिलं. २१ दिवस घे, ७ दिवस थांब. बस्स. मेडिकलवाल्याने गर्भनिरोधक म्हटल्यावर आईचा चेहराच उतरला, घरी येऊन पाकीट मेथीदाण्याच्या डब्यामागे, कारण मावशी येणार होती.

पाळी वेळेवर यायला लागली, सगळे खूश. मी मात्र दुसऱ्या पाकिटापासून क्लासचा जिना चढून दारातूनच परत यायचे, उगाच रडू यायचं, रात्री तीनला टक्क जागी. घरचे म्हणायचे बारावीचं टेन्शन, मलाही तेच वाटायचं, त्यामुळे गोळीचा संशय आलाच नाही.

मग दुसऱ्या मॅडमकडे गेलो. त्यांनी आधी झोपेचंच विचारलं, मग डिप्रेशन किती आहे ते बघायचा नऊ प्रश्नांचा कागद भरून घेतला. २७ पैकी १४. जास्त मार्क पडल्याचं पहिल्यांदाच वाईट वाटलं! मॅडम म्हणाल्या, पीसीओएसमध्ये मुळातच डिप्रेशन, एन्झायटी जास्त दिसते, म्हणून पीसीओएसच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय गाईडलाईनमध्ये निदानाच्या वेळीच मूडबद्दल विचारायला सांगितलंय. आणि डेन्मार्कच्या २०१६ च्या मोठ्या अभ्यासात गोळी घेणाऱ्या १५ ते १९ च्या मुलींमध्ये डिप्रेशनची औषधं सुरू होण्याचं प्रमाण गोळी न घेणाऱ्यांपेक्षा जास्त दिसलं होतं, पण तेवढ्यावरून गोळीमुळेच झालं असं म्हणता येत नाही. मधेच सोडू नकोस, हे पाकीट संपव, मग थांबवू आणि रोजचा मूड दहापैकी लिहून ठेव.

लिहिणार कुठे, तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर, आईच्या दुधाच्या हिशोबाशेजारी. 'दूध १ लि.' आणि खाली माझा ३. गोळी थांबल्यावर दीड महिन्यात ६-७ दिसायला लागले. काउन्सेलिंगही चालू होतं, त्यामुळे नेमकं कशाने बरं वाटलं ते मॅडमही ठामपणे सांगेनात. नंतर मेटफॉर्मिन (मुळात डायबेटिसची गोळी, पीसीओएसमध्येही देतात), पहिले पंधरा दिवस पोटाची पार वाट लागली, आणि पाळी लांबलीच तर ती आणायची वेगळी गोळी.

माझ्या मैत्रिणीला तीच २१ वाली दोन वर्षं मस्त सूट झालीये हां. केस अजून आहेतच, थ्रेडिंग चालू. परवा मावशीने तिच्या मुलीसाठी विचारलं तर आईने गोळीच्या नावासकट सगळं सांगितलं, वर ते जुनं कॅलेंडरही काढून दाखवलं.