सुरळी क्रमांक ३१ : डावा काप अजून वळतोच आहे

परवा जपानी तलवारीने एकतिसावी सुरळी कापली. सुरळी म्हणजे भिजवून घट्ट गुंडाळलेली, खुंटीवर उभी केलेली चटई. मागची नोंद बाविसावीवर थांबली होती, म्हणजे तीन महिन्यांत नऊ. एका सुरळीचे माझ्या हातून पाच, फार तर सहा काप होतात. पहिलाच फसला आणि सुरळी कमरेत मोडली तर तीनच. तेव्हा पन्नासला थोडे कमी काप जमेस धरा. त्यातले उजवे बहुतेक बरे निघाले. डावे मात्र दर वेळी नव्याने अपमान करतात.

नवीन आलेल्यांसाठी एवढंच सांगते. मी उजवा म्हणते तो काप उजव्या खांद्यावरून सुरू होऊन डावीकडे खाली उतरतो आणि डावा त्याच्या उलट. दोन्ही केसागिरीच. केसा म्हणजे बौद्ध भिक्षूंचं खांद्यावरून तिरकं घेतलेलं वस्त्र. हा शब्द मुळात आपला 'काषाय'च, बौद्ध धर्माबरोबर फिरत फिरत जपानला पोचलेला. हे कळल्यापासून त्या कापाशी जरा घरोबा वाटतो. त्याला माझ्याशी वाटत नसावा.

आधी चोविसाव्या सुरळीचं सांगून टाकते, कारण ते मनातून जात नाही.

आम्ही कापतो ती तातामी ओमोते, जपानी बैठकीच्या चटईवरचं विणलेलं आवरण. ते इगुसा नावाच्या लव्हाळ्यासारख्या गवताचं असतं. वापरलेल्या चटया मिळाल्या तर कडेची कापडी पट्टी उसवायची, वाळू झटकायची, एखादी टाचणी किंवा तार राहिली नाही ना ते हाताने चाचपायचं आणि मग घट्ट गुंडाळून चार ठिकाणी रबर लावायचे. सुरळी पाण्यात तरंगते म्हणून वर वजन ठेवून पूर्ण दिवसभर बुडवायची. नंतर दोनेक तास उभी करून निथळू द्यायची. पाणी चहासारखं होतं आणि वास घरच्यांना आवडत नाही. यातली एकही पायरी गाळता येत नाही हे मला माहीत होतं. तरी चोविसावी मी रात्री उशिरा भिजत टाकली आणि सकाळी उचलून क्लबात नेली. बाहेरून ओली, आत कोरडी. गुंडाळलीही सैल होती, कारण झोप आली होती.

पहिलाच डावा काप. पातं अर्ध्यात कर्र करून रुतलं. हातांना झटका बसला आणि मी नवखी माणसं करतात तेच करायला निघाले, मूठ फिरवून ओढायला. मागून सेन्सेईंचा, म्हणजे आमच्या गुरुजींचा, आवाज आला, "ओढू नका. फिरवू तर मुळीच नका. हात तिथेच ठेवा." ते आले, सुरळी धरली आणि पातं ज्या रेषेत गेलं होतं त्याच रेषेत माझ्याकडून मागे काढून घेतलं. मग पाठीवरून डोळा लावून पाहिलं. वीतभरात किंचित बाक आला होता, केसाएवढा.

जपानी पात्याची ही गंमत सगळ्यांनी ध्यानात ठेवावी. तापवण्याआधी त्याच्या पाठीवर मातीचा जाड लेप देतात आणि धारेकडे पातळ. लालबुंद पातं पाण्यात बुडवलं की धार झटकन निवून टणक होते, पाठ सावकाश निवून मऊ, चिवट राहते. म्हणून ते सहसा तुटण्याआधी वाकतं. पण वाकलं की स्प्रिंगसारखं परत येत नाही, वाकलेलंच राहतं. तलवार क्लबाची होती. सेन्सेई काही बोलले नाहीत, फक्त ती पुसली, तेल लावलं, म्यानात ठेवली आणि म्यान बाजूच्या खोलीत नेऊन ठेवलं. उरलेला वेळ मी बोक्कन, म्हणजे सरावाची लाकडी तलवार, घेऊन कोपऱ्यात उभी होते. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून दोन गोष्टी केल्या. सुरळी भिजवायची वेळ कॅलेंडरवर लिहिते. आणि प्रत्येक कापाचा, म्हणजे खुंटीवर उरलेल्या तोंडाचा, फोटो काढते. हे दुसरं फार आधी सुरू करायला हवं होतं. काप झाल्यावर आपण खाली पडलेला तुकडा बघतो आणि टाळ्या वाजवतो. खरी चिठ्ठी खुंटीवर असते.

ती वाचायची कशी, हे मला समजलं तेवढं सांगते. तोंड आरशासारखं सपाट असेल तर पातं आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत एकाच प्रतलात चाललं. याला हासुजी म्हणतात, धारेची दिशा आणि हाताची दिशा एक असणं. तोंड वाटीसारखं खोल झालं असेल तर मध्येच कोन बदलला. शेवटी चार धागे शेंडीसारखे लोंबत राहिले तर बाहेर पडताना वेग मेला, नाहीतर आपण लांब उभे होतो आणि पात्याचं फक्त टोक पोचलं. कापायचं ते मोनोउचीने, टोकाकडच्या वीतभर भागाने. वरचा तुकडा दूर उडाला तर आपण कापलं नाही, बॅट फिरवली. चांगल्या कापात तुकडा क्षणभर जागच्या जागी बसून राहतो आणि मग घसरतो. असा बसलेला तुकडा मी माझ्या हातून परवाच्या सुरळीआधी चारदा पाहिला होता. चारही उजवे.

तर फोटो. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस या तीन सुरळ्यांचे डावे काप एकाखाली एक लावून पाहिले आणि पोटात गोळा आला, कारण चूक प्रत्येक वेळी तीच होती. वरचा एक तृतीयांश भाग पंचेचाळीस अंशांत, छान. मग हळूहळू चपटं होत जाणारं वळण आणि शेवटी जवळजवळ आडवा काप. वाटी, आणि प्रत्येक वाटीचं तोंड उजवीकडे. इतकी एकसारखी चूक करायलाही कौशल्य लागत असावं.

मला वाटलं, दोष उजव्या हाताचा. सगळ्यांना आधी हेच वाटतं, आणि सगळे हेच सांगतातही: डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांनी मूठ धरा, उजवा हात फक्त वाट दाखवतो, शेवटी दोन्ही हात ओलं फडकं पिळल्यासारखे आत वळवा. मी महिनाभर उजवा हात इतका सैल ठेवला की एकोणतिसाव्या सुरळीवर पातं सुरळीत शिरण्याऐवजी तिच्यावरून घसरल्यासारखं झालं. काप आणखी वाईट. उपाय चुकीच्या दुखण्यावर होता.

मग एका सरावात आमच्यातला सर्वांत लहान मुलगा म्हणाला, "ताई, तुमचा आवाज मागून येतोय."

तलवार हवेतून नीट गेली तर सूं असा आवाज येतो, ताचिकाझे. पात्याला खाच असेल, म्हणजे बोही, तर तो मोठा येतो. क्लबाच्या कापायच्या तलवारीला खाच नाही, ती मुकी आहे. पण सरावाच्या इआइतोला असते. इआइतो मिश्रधातूची, धार नसलेली. तिने काही कापायचं नसतं, कधीच. ती घेऊन मी डावे वार करत होते आणि आवाज येतोय म्हणून खुश होते. आवाज येतो की नाही एवढंच मी ऐकत होते. तो कुठे येतो हे ऐकलंच नव्हतं. उजव्या वाराला सूं समोर, सुरळी असते तिथे वाजत होतं. डाव्याला खांद्याच्या वरच वाजून संपत होतं. म्हणजे सगळा जोर वर खर्च करून मी उरलेलं अंतर नुसतं ओढून नेत होते.

का, ते मोबाइलने दाखवलं. स्टँडवर लावून समोर बराच लांब ठेवला, समोर माणूस कुणी नाही याची खात्री करून, आणि संथ गतीत चित्रण केलं. कापाच्या प्रतलातून पाहिलं तर पातं नुसती रेघ दिसायला हवं. माझ्या डाव्या वारात पहिल्या काही चित्रांत रेघ होती, मग पात्याचा सपाट भाग चमकायला लागला. आणि तो चमकायच्या आधी, प्रत्येक वेळी, माझी कंबर उजवीकडे वळलेली दिसत होती. हात बिचारे खाली जायच्या बेतात होते, कंबरेने त्यांना बाजूला खेचून नेलं. पट्ट्याची गाठ शेवटपर्यंत सुरळीकडे बघत राहायला हवी, असं सेन्सेई पहिल्या महिन्यापासून सांगतात. मी ते उजव्या कापापुरतं ऐकलं होतं, असं दिसतंय.

घरी आता छताच्या डाव्या कोपऱ्यातून उजवीकडे जमिनीपर्यंत तिरकी दोरी बांधली आहे. बोक्कन तिच्या बाजूने, तिला न शिवता, सावकाश उतरवायचं. दिवसाला तीस. वेगाने केलं की दोरी हलते आणि लगेच चोरी पकडते. पाय मात्र आधी ठरवा. डाव्या कापाला डावा पाय पुढे, उजव्या कापाला उजवा. याच्या उलट उभं राहिलं की वार संपतो तिथे आपलाच गुडघा असतो. मी एकदा उलट उभी राहिले. लाकडी होतं म्हणून फक्त निळं झालं.

इथे थोडं विषयांतर. कापून पाहणं, तामेशिगिरी, हे मुळात माणसाची नाही तर तलवारीची परीक्षा घेण्यासाठी होतं. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, यामादा आसाएमोन हे नाव पिढ्यानपिढ्या चालवणारं घराणं शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाच्या, तलवारींची परीक्षा घ्यायचं, आणि ती देहदंड झालेल्या गुन्हेगारांच्या शवांवर. निकाल कधी कधी मुठीत लपणाऱ्या लोखंडावर कोरून ठेवत. वाचताना अंगावर काटा येतो, आणि मी पावसाळी वासाच्या चटईला घाबरते याची लाजही वाटते. आज क्लबांतून जे शिकवतात त्यातलं बरंच जपानच्या तोयामा लष्करी शाळेच्या वळणाचं आहे. ती शाळा १८७३ची, आणि तिथली लष्करी तलवारीची पद्धत १९२५ साली घातलेली. तिथून पुढे आलेले नाकामुरा ताइसाबुरो यांनी आठ दिशांचे काप बसवले, आणि त्यासाठी आधार घेतला सुलेखनातल्या 'एइ' या अक्षराचा, ज्याच्यात आठही मूलभूत फटकारे येतात असं मानतात.

मी ते अक्षर कुंचल्याने काढून पाहिलं. त्यातला शेवटचा फटकारा डावीकडून उजवीकडे तिरका खाली येतो. माझाच डावा काप! आणि तो कसा आहे बघा: सुरुवातीला बारीक, खाली येता येता जाड होतो, सगळ्यात भरल्यावर सुटतो. माझा बरोबर उलटा होता, वर जाड आणि खाली मेलेला. कागदावरही मी तो पहिल्यांदा तसाच काढला. दोन रात्री कुंचला फिरवून कमरेला काय कळलं ते सांगता येणार नाही, पण दोरीच्या शेजारी मी आता वर घाई करत नाही.

एक तक्रार नोंदवून ठेवते. काही जण सुचवतात की रुंद, पातळ पात्याची स्पर्धेची तलवार घे, डावा काप आपोआप होईल. होईलही. तशा पात्याच्या बाजूंना मांस कमी असतं, चटईत ते लोण्यासारखं जातं. पण मग माझी चूक झाकली जाईल आणि मी ती घेऊन आणखी दोन वर्षं सुखात राहीन. शिवाय असं पातं वाकडं गेलं तर लवकर दुखावतं, आणि माझ्या हातून पाती वाकतात हे आता सिद्ध आहे.

तर एकतिसावी. पूर्ण दिवस भिजलेली, घट्ट, निथळलेली. (तिसावी मी केवळ उजव्या कापांवर घालवली, धीर परत यावा म्हणून.) तीच तलवार, सरळ होऊन आलेली. माझा नंबर येण्याआधी मुठीतली बांबूची खुंटी, मेकुगी, अंगठ्याने दाबून मी पाहिली, मग दुसऱ्या एकाने पाहिली. पातं मुठीत धरून ठेवते ती एवढीशी खुंटी, म्हणून आमच्याकडे दोन अंगठे लागतात.

पहिला उजवा: सपाट. दुसरा डावा: वाटी, पण उथळ. वळण आता वरच्या एक तृतीयांशानंतर लगेच नाही, अर्ध्याच्या खाली सुरू झालं. तिसरा डावा: गाठ समोर ठेवायच्या नादात श्वास रोखला, खांदे वर आले, चार धाग्यांची शेंडी. चौथा उजवा, ठीक. पाचवा डावा. याच्या आधी मी रेषेचा शेवट बघितला, पातं जिथून बाहेर पडायचं ती जागा, सुरुवात नाही. आवाज आला नाही, म्हणजे ऐकू आला नाही. वरचा तुकडा हलला नाही. मला वाटलं चुकलंच, पातं वरून गेलं. मग तो सावकाश घसरला आणि खुंटीच्या पायाशी पडला.

तोंड सपाट नव्हतं. बाहेर पडायच्या दोन बोटं आधी जरासा उतार होता, फोटोत बोट ठेवून दाखवता येईल असा. सेन्सेईंनी पाहिलं आणि म्हणाले, "इथे अजून वळताय." मग क्षणभराने, "पण पाव इंचच."

सहाव्यासाठी बुंधा फार आखूड उरला होता, सोडून दिलं. पातं पुसलं, दुसऱ्या फडक्याने पुन्हा पुसलं, तेल. गवताचा रस आणि पाणी पात्यावर राहिलं की डाग पडायला वेळ लागत नाही, आणि ओलं पातं म्यानात घातलं तर म्यानही गेलं.

बत्तिसावी आज संध्याकाळी सहाला पाण्यात घातली आहे. उद्या सहापर्यंत तिला हात लावायचा नाही असं कॅलेंडरवर लाल शाईने लिहिलंय. या खेपेला पाचही काप डावेच घेणार आहे.