रिकाम्या प्लेटा

मे महिन्यातली सकाळ. बीओडी इन्क्युबेटरमधून (ठराविक तापमान राखणारी पेटी) प्लेटा काढतानाच विद्यार्थिनी ओरडली, "सर, एकपण प्लाक नाही ओ!" प्लाक म्हणजे विषाणूने जिवाणू मारले की प्लेटवर पडणारा मोकळा ठिपका. प्लाक नाही, म्हणजे विषाणूच मेलेला.

औषध होतं आयर्न सुक्रोज. बाळंतिणींना शिरेतून देतात ते काळपट तपकिरी इंजेक्शन: ५ मिलीच्या अँप्युलमध्ये १०० मिग्रॅ लोह, सुक्रोजच्या वेष्टणातल्या नॅनोकणांच्या रूपात. लोह ऑक्साइडचे नॅनोकण कोरोनाच्या स्पाइक प्रथिनाला चिकटू शकतात, असं २०२० मध्ये संगणकावरच्या डॉकिंगमध्ये (रेणू एकमेकांत कसे बसतील याच्या आकडेमोडीत) दिसलं होतं. मग आधीच मान्यता असलेलं लोहाचं औषध विषाणूवर चालेल का, हे बघायचं होतं. कोरोना वाढवायला कडक जैवसुरक्षेची बीएसएल-३ प्रयोगशाळा लागते, म्हणून आम्ही फाय-६ हा बॅक्टेरियोफाज, म्हणजे जिवाणूंवर वाढणारा विषाणू घेतला. त्यालाही कोरोनासारखं मेदाचं आवरण असतं आणि तो स्यूडोमोनास सिरिंगी या जिवाणूवर वाढतो. मात्र त्याला २५ अंश लागतात, आणि सोलापूरच्या मेमध्ये टेबलावरची ट्यूब चाळिशी गाठते. त्यामुळे पहिला संशय उन्हावर. पण औषध नसलेल्या कंट्रोल प्लेटवर प्लाक खच्चून होते.

मग अँप्युलच्या खोक्यातला माहितीकागद उलगडला. पीएच १०.५ ते ११.१, म्हणजे चांगलंच अल्कली.

रक्त स्वतःच बफर (पीएच फारसा हलू न देणारं द्रावण) असल्याने ही अल्कली शरीरात मुरून जाते. आमच्या ट्यूबमध्ये ०.९ मिली औषध होतं आणि ०.१ मिली फाज, तोही सलाइनमध्ये. कारण हे औषध सलाइनमध्येच पातळ करा, असं लेबलवर लिहिलंय. सलाइनला बफरची ताकद शून्य. पीएच पट्टी बुडवावी तर ती तपकिरी होते, रंग वाचताच येत नाही. इलेक्ट्रोड घातल्यावर आकडा दहाच्या वर.

दुपारी फाज घालून तीन ट्यूब लावल्या. एकीत नुसता कार्बोनेट बफर, पीएच १०.७, लोह अजिबात नाही. दुसरीत आयर्न सुक्रोज, पीएच ७.४ च्या हेपेस बफरमध्ये वीसपट पातळ, म्हणजे मिलीला १ मिग्रॅ लोह. (आम्ल घालून पीएच उतरवू नये, कोलॉइड (द्रवात तरंगणारे कण) फुटून गाळ बसू शकतो.) तिसरीत फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हे लोहाचं दुसरं औषध, लोह तेवढंच, या इंजेक्शनचा मूळ पीएचच ५ ते ७. तिन्ही २५ अंशांवर तासभर. मग दहा-दहापट डायल्यूशन आणि ४५ अंशांच्या ३ मिली सॉफ्ट आगरात यजमान जिवाणूंसोबत मिसळून झटपट ओतणं. इथे रेंगाळलात तर आगरच फाजला मारतं.

दुसऱ्या दिवशी बफरची प्लेट रिकामी. लोहाच्या दोन्ही प्लेटा कंट्रोलसारख्या भरलेल्या. विषाणू मारला होता अल्कलीने.

मिलीला १ मिग्रॅ हे प्रमाण कमी म्हणाल, तर १०० मिग्रॅ लोह पाच लिटर रक्तात पसरलं की मिलीला जेमतेम ०.०२ मिग्रॅ भरतं. शिवाय हे कण यकृत-प्लीहेतल्या मॅक्रोफेज पेशी उचलतात, फुप्फुसात फारसं काही पोचत नाही. आणि अंगात जंतुसंसर्ग चालू असताना शिरेतून लोह देणं डॉक्टर एरवीही टाळतात.

वहीत 'मिश्रणाचा पीएच' हा रकाना वाढवला. पुढची पाळी लिपोसोमल औषधाची, म्हणजे मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत (लिपोसोममध्ये) भरलेल्या औषधाची. तिथे पीएचचा घोळ नाही, पण औषधाविना नुसत्या लिपोसोमचा कंट्रोल हवा, आणि तो मेडिकलच्या दुकानात मिळत नाही.