वांग, कोलंबी आणि एक सीरम

मला कोलंबी चालत नाही. नुसती सोलायला घेतली तरी बोटं खाजतात आणि खाल्ली तर अंगभर गांधी उठतात. माहेर मालवणचं असून ही गत, त्यामुळे सासरी यावरून भरपूर थट्टा झाली आहे. गालांवरच्या वांगाचा, म्हणजे काळपट डागांचा, कोलंबीशी काय संबंध, असं वाटेल. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

धाकट्याच्या वेळेस आलेला वांग बाळंतपणानंतर गेलाच नाही. आमच्या मेडिकलवाल्याने न विचारता एक ट्यूब पुढे केली, "सगळ्या ताई हीच नेतात." ती तशीच डॉक्टरीणबाईंना दाखवली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड असं त्रिकूट होतं त्यात. देखरेखीशिवाय लावत राहिलं तर कातडी पातळ होते, चेहरा लालबुंद होतो, म्हणून त्यांनी ती परत करायला लावली. लिहून दिलं ते साधंच: आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड (त्वचेच्या रंगाची छटा असलेलं) सनस्क्रीन आणि ४ टक्के नायसिनामाइड (ब-३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार), २ टक्के एन-ॲसिटिल ग्लुकोसामाइनचं सीरम.

ग्लुकोसामाइन म्हटल्यावर माझे कान टवकारले. आईच्या गुडघ्याच्या गोळ्यांच्या डबीवर हेच नाव आहे आणि खाली बारीक अक्षरात 'शेलफिशपासून', म्हणजे कोलंबी-खेकड्यांसारख्या कवचवाल्यांपासून, असंही आहे!

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हे मला आवडलं. त्यांनी सांगितलं, एन-ॲसिटिल ग्लुकोसामाइन ही एक अमिनो साखर आणि कोलंबी-खेकड्याच्या कवचातलं कायटिन म्हणजे तिचीच लांबलचक साखळी. कवच आम्लात टाकून त्यातला चुना काढतात, अल्कलीने प्रथिनं धुतात आणि मग साखळी तोडतात. कोलंबीची ॲलर्जी मुख्यतः तिच्या मांसातल्या ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनाची, या साखरेची नव्हे. "तरी तुमच्या अंगावर गांधी उठतात ना, मग कंपनीला विचाराच," म्हणाल्या.

विचारलं. पहिलं उत्तर आलं, 'आमचं उत्पादन त्वचारोगतज्ज्ञांकडून तपासलेलं आहे.' बरं, पण मी हे विचारलंच नव्हतं. पुन्हा एका ओळीत लिहिलं: साखर कवचातली की आंबवून केलेली? तेव्हा कुठे सरळ उत्तर मिळालं, मक्यापासून आंबवून केलेली. म्हणजे माझ्या शाकाहारी जावेलाही चालेल अशी.

त्याआधी दुकानात दुसरीही एक बाटली हाती आली होती, बरीच स्वस्त. तिच्यावर ठळक अक्षरात ग्लुकोसामाइनचंच नाव होतं, पण मागच्या यादीत ते फिनॉक्सीइथॅनॉलच्याही खाली. हे प्रिझर्व्हेटिव्ह १ टक्क्याच्या वर घालत नाहीत आणि यादी जास्तीकडून कमीकडे जाते. म्हणजे आपली साखर १ टक्काही नसणार. ठेवून दिली.

मग कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहिलं, तिथे काही झालं नाही तेव्हा कानामागे. आजही नवं काही आणलं की मी हेच करते. चेहऱ्याला जळजळ झाली नाही, सालंही निघाली नाहीत. मुंबईच्या दमटपणात जरा चिकट वाटतं, म्हणून रात्रीच लावते.

रंगद्रव्य तयार करणाऱ्या टायरोसिनेज या एन्झाइमला पक्कं व्हायला साखरेच्या साखळ्या जोडाव्या लागतात. ही अमिनो साखर त्याच कामात खोडा घालते. नायसिनामाइड तयार झालेला रंग वरच्या पेशींपर्यंत जाऊ देत नाही. म्हणून जोडी. २०१० मध्ये याच प्रमाणावरचा १० आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात डाग कमी झालेले दिसले. पण त्यामागे प्रॉक्टर अँड गॅम्बल होती आणि तो खास वांगावरचा नव्हता, तेव्हा हातचं राखूनच विश्वास ठेवलेला बरा.

माझ्यापुरतं सांगायचं तर कितीतरी दिवस ढिम्म फरक नव्हता. मग कडा पुसट व्हायला लागल्या. उजव्या गालावरचा डाग आता पावडरखाली झाकतो, डाव्यावरचा नाही. यातलं किती सीरमचं आणि किती सनस्क्रीनचं, हे काही वेगळं करता येणार नाही. पण मे महिन्यात गावी लग्नघाईत सनस्क्रीन राहिलं, सीरम मात्र रोज रात्री लावलं, तरी वांग पुन्हा गडद झालाच. त्यामुळे पैसे कमी पडले तर मी सीरम थांबवेन, सनस्क्रीन नाही.