चंदीगडचे नकाशे बघायला जाताय? आधी सेक्टर मोजायला शिका

"सगळे मूळ नकाशे तिथेच आहेत, एका दिवसात उरकेल," असं एका आर्किटेक्ट मित्राने छातीठोकपणे सांगितलं, म्हणून ऐन मे महिन्यात चंदीगड गाठलं. दोन्ही थापा. हे शहर आखणारा आर्किटेक्ट ल कॉर्बुझिए, त्याच्या मूळ आरेखनांचा मोठा साठा पॅरिसला, त्याच्या नावाच्या फाउंडेशनमध्ये आहे. १९६५ पर्यंत इथे राहून काम रेटणारा त्याचा चुलतभाऊ पिएर जनरे, त्याची कागदपत्रं माँट्रियलच्या कॅनेडियन सेंटर फॉर आर्किटेक्चरमध्ये. प्रबंधासाठी मूळ कागद हवे असतील तर तिकीट काढण्याआधी या दोघांना लिहा. शहर कसं सुचत गेलं एवढंच बघायचं असेल तर चंदीगडला जरूर जा.

सुरुवात सेक्टर १९ मधून करा. तिथलं ल कॉर्बुझिए सेंटर म्हणजे शहर आखणाऱ्यांचं जुनं ऑफिस. नेहरूंशी झालेला पत्रव्यवहार, फोटो, आरेखनं. मी एका नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीपाशीच अडकलो: प्रमाण, तारीख, काढणाऱ्याची आद्याक्षरं, तपासणाऱ्याची सही. मोठं नाव एकाचं, पण रेघा ओढणारे हात वेगळेच.

आता खरं दुखणं. पुढचं ठिकाण सेक्टर १० मधलं सिटी म्युझियम. बाहेर रिक्षावाल्याने पाठीवरची सॅक बघून अडीचशे मागितले. मी तिरमिरीत म्हटलं, चालतो. सेक्टर १९ ला लागून ७ आहे हे हातातल्या नकाशात दिसत होतं, मग १० कितीसा लांब?

इथे आकडे नांगर फिरावा तसे जातात, एक ओळ सरळ तर पुढची उलटी. त्यामुळे ७ समोर १९, ८ समोर १८, ९ समोर १७, १० समोर १६. प्रत्येक जोडीची बेरीज २६. १९ ते १६ च्या ओळीच्या जोड्या तिच्या खालच्या ओळीशी लावल्या तर ३९. सगळे १३ चे पाढे, आणि गंमत म्हणजे मूळ आराखड्यात १३ नंबरचा सेक्टरच नव्हता! हे कोडं मला सुटलं तेव्हा मी १८ आणि १७ च्या मधल्या चौकात उभा होतो, शर्ट पिळून निघेल असा. एक सेक्टर ८०० बाय १२०० मीटरचा, कागदावर आगपेटीएवढा. मध्यमार्ग या हमरस्त्यावर पुढचा चौक दिसतो, पण काही केल्या येत नाही. एकूण तीनएक किलोमीटर झाले असतील, वाटले दहा. नकाशे बघायला गेलेला माणूस नकाशाच वाचायला चुकला. तुम्ही तिरमिरीत येऊ नका, ॲपवरून गाडी बोलवा.

म्युझियमने मात्र राग घालवला. कॉर्बुझिएच्या आधी हे शहर आखायला घेतलेल्या अल्बर्ट मेयरचा पंख्यासारखा पसरलेला, वळणदार रस्त्यांचा आराखडा बघा आणि मग १९५१ मध्ये कॉर्बुझिएने त्याच्या रेघा कशा ताठ केल्या ते. मेयरचा साथीदार नोविकी १९५० मध्ये विमान अपघातात गेला नसता तर मी त्या दिवशी कदाचित वळणावळणाच्या सावलीतून चाललो असतो. नकाशे काचेआड आहेत, टेबलावर पसरून बघायला मिळतील ही आशा सोडा. तरी दोन तास ठेवाच.

दुसऱ्या दिवशी विधानसभा, हायकोर्ट, सचिवालयाचा कॅपिटॉल कॉम्प्लेक्स, सेक्टर ५ मधलं जनरेचं घर, सुखना तलाव. सगळं सुरळीत. कॅपिटॉलची फेरी गाइडबरोबरच होते, ओळखपत्र मूळ न्या, झेरॉक्स नको. म्युझियम सोमवारी बंद. आणि मित्राचा सल्ला विचारणार असाल तर तो स्वतः कधी गेला होता ते आधी विचारा. आमचा गेलाच नव्हता.